हिमालयाच्या मदतीला गेलेल्या सह्याद्रीचे कागद कुठे आहेत? महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेत असलेले १९ सन्माननीय सदस्य यांस,

स.न.वि.वि.

१९६२च्या चीन युद्धाचे सरकारी कागद अजून बंद आहेत, त्याबद्दल हे पत्र. ते तुम्हाला लिहितोय, दिल्लीतल्या संरक्षण मंत्रालयाला नाही. मंत्रालयाला आमच्यासारख्यांनी लिहून झालंय, माहिती अधिकारात अर्ज करून झालेत, अपिलंही करून झालीत. तिकडून येणारं उत्तर बहुधा एका ओळीचं असतं आणि त्या ओळीत एका कलमाचा आकडा असतो. तुम्ही विचारलंत तर मात्र मंत्र्यांना सभागृहाला उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं छापलं जातं. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

मी संरक्षणशास्त्र शिकवतो. विषयाचं कागदोपत्री नाव आता ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’ असं भारदस्त झालंय, स्टाफरूममध्ये अजून ‘डिफेन्सवाले’च म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय बऱ्याच कॉलेजांत आहे. पुण्याच्या विद्यापीठात तर त्याचा स्वतंत्र विभाग आहे आणि यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा अभ्यासाचं केंद्रही आहे. त्यामुळे यशवंतरावांपासूनच सुरुवात करतो.

दरवर्षी २५ नोव्हेंबरला तुमच्यापैकी बरेच जण कराडला प्रीतिसंगमावर समाधीपुढे हात जोडायला जाता. पक्ष कुठलाही असो, भाषणात एक वाक्य ठरलेलं: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. टाळ्या पडतात, भाषण पुढच्या मुद्द्याकडे जातं. पण हा सह्याद्री हिमालयात पोचला तेव्हा लढाई संपलेली होती. चीनने २० ऑक्टोबर १९६२ला हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. यशवंतरावांनी संरक्षण मंत्रालयाची सूत्रं घेतली ती त्याच २१ नोव्हेंबरला. नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले ते पुढच्या वर्षी. म्हणजे त्यांच्या वाट्याला लढणं आलंच नाही. हरलेलं सैन्य परत उभं करायचं आणि हरलो का ते शोधायचं, ही दोन कामं आली. पहिल्याबद्दल आपण भरभरून बोलतो. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझं मागणं त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

डिसेंबर १९६२मध्ये लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोघांना चौकशीला बसवलं. भगत हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. चौकशीचे विषय पाच: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता, आणि आपल्या माणसांवर प्रभाव टाकण्याची सेनाधिकाऱ्यांची कुवत. अहवाल १९६३च्या उन्हाळ्यात तयार होऊन मंत्र्यांकडे पोचला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी त्यावर लोकसभेत निवेदन केलं. निष्कर्षांचा गोषवारा दिला, उणिवा कुठे होत्या ते बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलं. पण अहवाल प्रसिद्ध करणार नाही, असंही तिथेच सांगितलं. सुरक्षेला धोका पोचेल, सीमेवरच्या माणसांचं मनोधैर्य खचेल, अशी दोन कारणं दिली.

तर या दाराला पहिलं कुलूप आपल्याच माणसाने लावलं. हे मी लपवत नाही, आणि १९६३ साली ते योग्य होतं असंच माझं मत आहे. पराभवाला वर्षही झालं नव्हतं, चीनने घेतलेले युद्धकैदी नुकतेच परतले होते, पुढच्या हल्ल्याची धास्ती होती आणि दोन वर्षांतच पाकिस्तानशी युद्ध झालं. घरात सुतक असताना हिशेब काढत नाहीत. पण ते कुलूप १९६३च्या परिस्थितीपुरतं होतं. त्यानंतर साठ वर्षं उलटून गेली, अहवालात ज्यांची नावं असतील त्यातले जवळजवळ सगळे गेले, आणि कुलूप तसंच.

इथे पक्षभेदाला जागाच नाही, तेही सांगून टाकतो म्हणजे पत्र कोणत्या बाजूचं आहे हे शोधण्यात तुमचा वेळ जायला नको. एप्रिल २०१०मध्ये काँग्रेसचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि आजच्या लष्करी हालचालींच्या दृष्टीनेही त्याला मोल आहे. मार्च २०१४मध्ये भाजपचे अरुण जेटली राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते. जुने कागद अनिश्चित काळ दडवून ठेवणं लोकहिताचं नाही, असं त्यांनी तेव्हा जाहीरपणे लिहिलं. दोनेक महिन्यांत ते स्वतः संरक्षणमंत्री झाले आणि जुलैमध्ये त्याच राज्यसभेत म्हणाले, अहवाल प्रसिद्ध करणं राष्ट्रहिताचं नाही. खुर्चीचा गुण म्हणायचा आणि पुढे जायचं.

गंमत अशी की ज्या अहवालाची एवढी राखण चाललीय त्याच्या पहिल्या खंडाचा बराचसा भाग २०१४च्या मार्चपासून इंटरनेटवर आहे. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने तो आपल्या संकेतस्थळावर टाकला. हे गृहस्थ युद्धाच्या वेळी लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले वार्ताहर होते. १९७० साली त्यांनी या युद्धावर पुस्तक लिहिलं, त्यात दोषाचं सगळं माप भारताच्या पदरात टाकलं आणि पेकिंगमध्ये ते आवडलंही. अहवाल त्यांच्या हाती लागलेला होता. म्हणजे चाळीसेक वर्षं, भारतीय सैन्याच्या चौकशीत काय आहे हे जगाला कळायचं ते भारताला दोषी ठरवणाऱ्या एका परदेशी माणसाच्या चष्म्यातून. भारतीय संशोधकाला त्याचं म्हणणं खोडायचं असेल तर पुराव्याचा कागद नाही, आणि मान्य करायचं असेल तरी नाही. गुप्ततेने नेमकं कोणाचं हित साधलं?

आता त्या बाहेर आलेल्या पानांत काय आहे ते पाहा. एकच जागा दाखवतो, पण नीट दाखवतो, कारण संशोधनाला कागद का लागतात हे तिथे कळतं.

२ नोव्हेंबर १९६१ला पंतप्रधानांकडे बैठक झाली. सीमेवर पुढे सरकून चौक्या उभारायच्या, ज्याला ‘फॉरवर्ड पॉलिसी’ म्हणतात, ते धोरण त्या बैठकीत ठरलं. बैठकीच्या निर्णयाचे तीन भाग होते. लडाखमध्ये शक्य तितकं पुढे जाऊन गस्त घालावी आणि चौक्या बसवाव्यात, हा एक. उत्तर प्रदेशाच्या आणि ईशान्येच्या सीमेवरही पुढे जाऊन ताबा पक्का करावा, हा दुसरा. आणि तिसरा: या पुढच्या चौक्यांच्या मागे, जिथे रसद पोचू शकते अशा ठिकाणी, मोठं सैन्य जमवून ठेवावं, म्हणजे गरज पडली की ते पटकन पुढे येऊन परिस्थिती सावरेल.

५ डिसेंबर १९६१ला लष्करी मुख्यालयाने या निर्णयावरून खालच्या कमांडना पत्र धाडलं. अहवाल सांगतो की त्या पत्रात तिसरा भाग नाही.

म्हणजे पुढे जा, चौक्या टाका, हे खाली पोचलं. मागे ताकद उभी करा, हे पोचलंच नाही. वर्षभराने ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या काठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवींची सातवी ब्रिगेड सुती कपड्यांत, मोजक्या दारूगोळ्यावर उभी होती आणि तिच्या मदतीला येईल असं मागे काही नव्हतं. दळवी स्वतः कैद झाले.

आता विचारा, तो तिसरा भाग कोणी गाळला? नजरचुकीने राहिला, की सैन्यच नाही तर लिहायचं कशाला म्हणून सोडला? गुप्तवार्ता विभागाने ‘चीन चौक्यांवर हल्ला करणार नाही’ असं ठाम सांगितल्यामुळे त्याची गरजच कोणाला वाटली नाही, असं झालं का? की तोंडी काही वेगळं ठरलं होतं? सरकारचं धोरण आणि सैन्याची कृती यांच्यामधली फट कुठे पडते, हा आमच्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जगभर त्यावर प्रबंध होतात. आणि त्याचं उत्तर हेंडरसन ब्रुक्स यांनाही देता आलं नाही, कारण लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरू नका, असं त्यांना बजावलेलं होतं. मंत्र्यांच्या दालनातल्या बैठकांची टिपणं त्यांना मिळाली नाहीत. संरक्षण मंत्रालय आणि मुख्यालय यांच्या संबंधांची तपासणी त्यामुळे करता आली नाही, असं ते स्वतःच नमूद करतात. सरकारने नेमलेल्या, सरकारसाठी गुप्त अहवाल लिहिणाऱ्या सेनाधिकाऱ्यांनासुद्धा सरकारचे कागद दिसले नाहीत! आमच्यासारख्यांची काय कथा.

दुसरी जागा दिल्लीपासून फार लांब, अमेरिकेत बोस्टनला आहे. १९ नोव्हेंबर १९६२ला, ईशान्येतलं बोमडिला चीनच्या हाती पडल्यावर, पंडित नेहरूंनी अध्यक्ष केनेडींना एका दिवसात दोन पत्रं लिहिली. त्यात आवाजापेक्षा वेगवान अशा लढाऊ विमानांच्या किमान १२ तुकड्या मागितल्या, शिवाय बॉम्बफेकी विमानांच्या दोन. आपले वैमानिक तयार होईपर्यंत लढाऊ विमानं अमेरिकन माणसांनी चालवावीत, असंही म्हटलं. अलिप्ततेचं धोरण आखणाऱ्या पंतप्रधानाने हे लिहिलं, ती रात्र केवढी बिकट असेल. ही पत्रं आज केनेडींच्या नावाच्या ग्रंथालयात आहेत, अमेरिकेने ती खुली केलीत, कोणीही वाचावीत. आपल्या हवाई दलाला त्या महिनाभर चढाईसाठी का वापरलं नाही, हा प्रश्न या पत्रांशी थेट बांधलेला आहे. शहरांवर बॉम्ब पडतील ही भीती किती होती, ती कोणाच्या सल्ल्यावर होती, हवाई दलाचं मत घेतलं होतं का? पत्राचं एक टोक बोस्टनला वाचता येतं, दुसरं टोक दिल्लीत बंद.

असं करत करत १९६२चा अभ्यास जगात लिहिला गेला तो अमेरिकन कागदांवरून, ब्रिटिश कागदांवरून, आणि ऐका, चिनी कागदांवरून. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००४च्या सुमारास आपलं जुनं दप्तर काही वर्षं अभ्यासकांना उघडलं होतं. पुढे आवळलं, पण तोवर लोकांनी टिपणं काढून घेतली होती. त्यातून चीनची बाजू, ती खरी असो वा रचलेली, संशोधनात आली. आपली आली ती सेनाधिकाऱ्यांच्या आठवणींतून. कौल यांनी लिहिलं, दळवींनी लिहिलं, पलित यांनी लिहिलं. प्रत्येकाच्या लिखाणात चूक दुसऱ्याची. त्यांना नावं ठेवत नाही, माणूस आपली बाजू मांडणारच. पण एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून सत्य निघत नाही, त्याला तारीख असलेला, सही असलेला कागद लागतो.

हे मराठी माणसाला सांगायची खरं तर गरज नको. पानिपत आपण कसं ओळखतो? १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी आपला पहिला खंड काढला तो पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतल्या पत्रांचा. कर्ज किती झालं, रसद कुठे अडली, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हे तेव्हापासून कागदावर आलं आणि बखरीतल्या कथांना चाळणी लागली. पुण्याचं पेशवे दप्तर मात्र इंग्रज सरकार अभ्यासकांसाठी उघडत नव्हतं. राज्याला अडचणीचं काही निघेल ही धास्ती. दशकानुदशकं हे चाललं. शेवटी १९३०च्या सुमारास गो. स. सरदेसायांना निवड करायला आत घेतलं आणि ४५ खंड बाहेर पडले. इंग्रजी राज्य त्यामुळे बुडालं नाही. राजवाडे दारोदार फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल गोळा करू शकले, कारण ते कागद लोकांच्या घरी होते. १९६२चे कागद कोणाच्या माळ्यावर नाहीत. ते एकाच मालकाकडे आहेत आणि त्या मालकाचे प्रतिनिधी तुम्ही आहात.

माझ्याच विभागातली गोष्ट सांगतो. एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी विषय घेतला: १९६२पूर्वी ईशान्य सीमेवरच्या तुकड्यांची रसदव्यवस्था. खेचरं किती, विमानातून टाकलेल्या सामानातलं हाती किती लागायचं, गरम कपड्यांच्या मागण्या कधी गेल्या नि कुठे अडकल्या. आजच्या चीन सीमेवर काय चाललंय याच्याशी तिच्या विषयाचा सुतराम संबंध नव्हता. तिने माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं: कलम ८(१)(क) अन्वये माहिती देता येत नाही. सार्वभौमत्व, सुरक्षा, सामरिक हित. खेचरांचं सामरिक हित! वीस वर्षांपेक्षा जुनी माहिती द्यावी, असं याच कायद्यात कलम ८(३) सांगतं, पण त्याला याच (क)चा अपवाद आहे, त्यामुळे जुनं असो की नवं, ‘सुरक्षा’ म्हटलं की दार बंद. कलम १० म्हणतं, संवेदनशील भाग झाकून उरलेलं द्या. ते कोणी वापरत नाही, कारण झाकण्यासाठी आधी वाचावं लागतं. अपिलात वर्ष गेलं, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली आणि मुलीने विषय बदलला. आता शीर्षकात ‘वृत्तपत्रांतील प्रतिबिंब’ असे शब्द आहेत. आमच्या विषयातल्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रतिबिंब’ दिसलं की खुशाल समजा, मूळ कागद मिळालेले नाहीत.

तिचा प्रबंध चांगला होईल. पण तिने मूळ विषय पुरा केला असता तर आज हिवाळ्यात लडाखला पन्नास हजार माणसं ठेवण्याचं नियोजन करणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडला असता, असं मला अजून वाटतं.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास लिहिणं आणि कागद खुले करणं यासाठी एक धोरण मंजूर केलं. कारगिलनंतरच्या के. सुब्रह्मण्यम समितीने आणि एन. एन. व्होरा समितीने ते कधीचं सुचवलं होतं. धोरण वाचायला झकास आहे. तिन्ही दलं, आसाम रायफल्स, तटरक्षक दल यांनी आपल्या युद्धनोंदी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्यायच्या. मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत सहसचिवाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, पुढच्या तीन वर्षांत इतिहास पुरा करायचा. कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे.

मेख पुढे आहे. २५ वर्षांपेक्षा जुने कागद तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे ते ‘इतिहास लिहून झाल्यावर’. इतिहास कधी लिहून होईल ते मंत्रालयच ठरवणार. आणि कागद खुला करायचा की नाही हा अधिकार १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार ज्याने तो तयार केला त्याच खात्याकडे. स्वतःची चूक नोंदलेला कागद स्वतःहून खुला करणारं खातं मी तरी पाहिलेलं नाही.

१९६२चा अधिकृत इतिहास या मंत्रालयाने लिहून घेतलेलाही आहे, १९९२मध्ये तो तयार होता. १९६५चा २०११मध्ये आणि १९७१चा २०१४मध्ये पुस्तकरूपाने विक्रीला आले. १९६२चा नाही. तोही फुटून इंटरनेटवर फिरतोच आहे, माझे विद्यार्थी मोबाइलवर वाचतात. फक्त प्रबंधात त्याचा दाखला द्यायचा तर गाइडच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण सरकारच्या लेखी ते पुस्तक प्रसिद्धच झालेलं नाही.

डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे कागद आमच्याकडे नाहीत. केंद्राच्या १५१ मंत्रालयं-विभागांपैकी अवघ्या ३६ जणांचे कागद आलेत. हरितक्रांतीचेसुद्धा नाहीत, असं ते म्हणाले. हे कोणा चिडलेल्या प्राध्यापकाचं म्हणणं नाही, देशाच्या दप्तराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला होत्या त्या अधिकाऱ्याचं आहे.

आणि वाट बघत बसलं तर कागद थांबतात असंही नाही. २०१०मध्ये बातमी आली की मुक्तिवाहिनीला १९७१मध्ये दिलेल्या मदतीच्या पूर्व कमांडमधल्या फायली कोलकात्यात युद्धानंतर नष्ट केल्या गेल्या. आपण जिंकलेल्या, ज्याचा अभिमान मिरवतो त्या युद्धाच्या! लेफ्टनंट जनरल जेकब पूर्व कमांडचे प्रमुख होऊन आले तेव्हा त्यांनाही त्या मिळाल्या नव्हत्या.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, चीनशी सीमेचा वाद चालू आहे, जून २०२०ला गलवानमध्ये वीस जवान गेले, अशा वेळी हे कशाला उकरायचं? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. अहवालातले नकाशांचे संदर्भ, कोणती चौकी रेषेच्या कोणत्या बाजूला होती याबद्दलची विधानं, वाटाघाटीत समोरच्याच्या हाती जाऊ शकतात. ढोला चौकीचंच उदाहरण घ्या, ती ईशान्य सीमेवरच्या मॅकमोहन रेषेच्या कोणत्या बाजूला होती हा वाद अजून मिटलेला नाही. अशी परिशिष्टं राहू द्या बंद. गुप्त स्रोतांची नावं तर कधीच उघडू नका. पण प्रशिक्षण, रसद, आदेशव्यवस्था, कपडे, मुख्यालयांतला पत्रव्यवहार यातून चीनला साठ वर्षांनी काय कळणार आहे? त्यांनी आपले चारेक हजार जवान आणि अधिकारी महिनोन्‌महिने कैदेत ठेवून विचारलं होतं. त्यांना कळलेलं आहे. कळलेलं नाही ते आपल्याला.

मनोधैर्य खचतं म्हणावं तर पाकिस्तानकडे बघा. १९७१च्या पराभवावरचा हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल त्यांनी जवळजवळ तीस वर्षं दाबला. ऑगस्ट २०००मध्ये तो भारतातल्या एका साप्ताहिकाने छापला, तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस, तेही लष्करशाहीत, त्यांनी अहवाल खुला केला. आपला अहवाल फुटल्यावर आपण काय केलं? संकेतस्थळ भारतात उघडेना.

आणि आपल्याच घरातला दाखला हवा तर कारगिल आहे. जुलै १९९९मध्ये समिती नेमली, डिसेंबरात अहवाल आला, फेब्रुवारी २०००मध्ये संसदेच्या पटलावर आला आणि पुस्तक म्हणून दुकानात मिळू लागला. काही भाग काळा केला होता, तक्रार नाही. त्यावर अभ्यासक तुटून पडले, वर्तमानपत्रांत वाद झाले, मंत्रिगट बसला. संरक्षण गुप्तवार्ता संस्था त्यातून आली. संरक्षणदल प्रमुखाचं पद अंमलात यायला २०२० उजाडलं, पण तो विषय वीस वर्षं जिवंत राहिला कारण शिफारस सगळ्यांच्या समोर होती. बंद अहवालांचं असं होत नाही. मनोहर पर्रीकर मंत्री असताना लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली गेली, डिसेंबर २०१६मध्ये तिने अहवाल दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये मंत्रालयाने सांगितलं की ९९पैकी ६५ शिफारशी मान्य. उरलेल्या ३४ कोणत्या आणि त्यांचं काय झालं, हे अहवालच पुढे नाही तर आम्ही कशावरून तपासायचं? सैन्याच्या खर्चाबद्दलचा हा दस्तऐवज आहे, पैसा करदात्यांचा आहे.

यशवंतराव, शरद पवार, पर्रीकर असे मराठी समजणारे संरक्षणमंत्री झाले. यशवंतरावांची १९६५च्या युद्धकाळातली रोजनिशी आज आपण वाचू शकतो ती त्यांचे सचिव राम प्रधान यांनी पुस्तकातून पुढे आणली म्हणून. मंत्रालयाच्या दप्तरातून त्यांच्या कारकिर्दीचं काय बाहेर आलं, असं विचारलं तर आम्हा अभ्यासकांना दाखवायला फारसं काही नाही.

आता नेमकं मागणं. ‘अहवाल प्रसिद्ध करणार का’ एवढाच प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर तयार आहे, १९६३पासून तयार आहे. त्याऐवजी विचारा की हेंडरसन ब्रुक्स अहवालाच्या गोपनीयतेचा शेवटचा आढावा कोणत्या तारखेला आणि कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने घेतला, आणि संवेदनशील परिच्छेद वगळून उरलेला भाग देता येईल का यावर त्यात काय नोंद आहे. विचारा की २०२१च्या धोरणानंतर तिन्ही दलांच्या किती युद्धनोंदी तपासल्या, किती खुल्या झाल्या, त्यातल्या किती अभिलेखागारात पोचल्या, दलवार आणि दशकवार तक्ता द्या. १९६२चा तयार इतिहास छापायला काय आडवं येतंय तेही विचारा. आणि कारगिल विसरू नका: २०२४मध्ये त्यालाही पंचवीस वर्षं झाली. श्रीलंकेतल्या शांतिसेनेला तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे अकराशेहून अधिक जवान गेले, ती मोहीम कोणी, कशाच्या आधारावर, केवढ्या तयारीनिशी आखली याचा अधिकृत इतिहास आजवर सर्वसामान्य वाचकाच्या हाती आलेला नाही. त्या जवानांच्या घरची माणसं तुमच्या मतदारसंघांतही असतील.

तारांकित प्रश्न मिळाला तर उत्तम, उपप्रश्न विचारता येतील. नाही मिळाला तर अतारांकितही चालेल. ‘माहिती संकलित केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर येण्याची शक्यता जास्त आहे. येऊ द्या. ते उत्तर म्हणजे नियमाप्रमाणे आश्वासन ठरतं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही केलं तर शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला बोलावून जाब विचारते. त्या समितीवर आणि संरक्षणाच्या स्थायी समितीवर महाराष्ट्राचे सदस्य असतातच, त्यांनी तेवढा पाठपुरावा ठेवावा.

प्रश्नाचा मसुदा लागला तर कळवा. राज्यातल्या संरक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी कोणीही एका संध्याकाळी करून देईल, मराठीत आणि इंग्रजीतही.

आपला,
संरक्षणशास्त्राचा एक प्राध्यापक